निघालं किती, गेलं किती: ट्रकचं कूलंट घरच्या घरी

ट्रकचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं पाणी, घरी बदलता येतं का? येतं. त्यासाठी रॅम्प लागत नाही की मोठी हत्यारं लागत नाहीत. लागतो तो मोकळा दिवस, सपाट जागा आणि हिशेब. यातला हिशेब बहुतेक जण करत नाहीत, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी कोल्हापूरजवळच्या उचगावचा. माझी सहाचाकी कोकणात धावते. जाताना मार्केट यार्डातला गूळ, कांदा-बटाटा आणि येताना जांभ्याचा चिरा. म्हणजे उतरताना हलका माल आणि घाट चढताना दगड. करूळचा घाट असो, फोंड्याचा असो की आंब्याचा, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढते तेव्हा टेंपरेचरचा काटा कुठे आहे यावर ड्रायव्हरचं सगळं लक्ष असतं. काटा चढला की आपल्याकडची पद्धत ठरलेली: गाडी कडेला घ्यायची, क्लीनरला कॅन देऊन ओढ्यावर पिटाळायचं आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. असं वर्षभर झालं की आत कूलंट नावालाच उरतं. रंग मात्र हिरवट दिसतो, म्हणून मालक खूश.

उद्यमनगरातल्या माझ्या मिस्त्रींचं एक वाक्य आहे, "आत काय हाय ते ठावं न्हाय, आन वरनं काय वततोयस?" कूलंट बदलायचं सगळं गणित त्या वाक्यात आहे.

आधी एक शंका काढून टाकू. कोल्हापुरात कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला? गोठू नये हा कूलंटचा एक उपयोग झाला, पण आपल्या कामाचे दोन वेगळे आहेत. पहिला उकळण्याचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, मिसळलं की हा आकडा 105-106 च्या जवळपास जातो. गुऱ्हाळावर उभा राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. काहिलीतला रस शंभराच्या आसपास उकळायला लागतो आणि पाक घट्ट होईल तसा 115-118 अंशांपर्यंत चढतो, तोच प्रकार. वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब असतो, बहुतेक झाकणांवर 0.9 किंवा 1.1 असा बारचा आकडा छापलेला सापडेल. एक बार दाबाखाली साधं पाणी 120 ला उकळतं आणि निम्मं-निम्मं मिश्रण सव्वाशेच्या पुढे जातं. घाटात हेच वरचे अंश गाडी वाचवतात.

दुसरा उपयोग गंजाचा. ब्लॉक बिडाचा, हेड कुठे बिडाचं तर कुठे ॲल्युमिनियमचं, रेडिएटर कुठे ॲल्युमिनियमचा तर कुठे पितळेचा, वर सोल्डरचे डाग वेगळ्या धातूचे. या सगळ्यांतून एकच पाणी फिरतं. कूलंटमधली रसायनं धातूंना सांभाळतात आणि ती हळूहळू संपतात, म्हणून बदलायचं. ग्लायकॉल स्वतः संपत नाही, ते वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे "मिश्रण मोजायच्या मीटरवर अजून बरोबर दाखवतंय" हे जुनं कूलंट ठेवायला कारण होत नाही. साधं जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं, ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांच्या रसायनांचं, पाच वर्षांपर्यंत. पण शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा.

खरेदी

रंग बघून घेऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हा नुसता टाकलेला रंग आहे, त्याचं कुठलंही सर्वमान्य ठरलेलं कोष्टक नाही. कॅनची मागची बाजू वाचा. ट्रकसाठी एएसटीएम डी6210 लिहिलेलं शोधायचं, ते हेवी ड्युटी डिझेल इंजिनाचं मानक आहे. डी3306 हे कारचं. फरक काय पडतो? ज्या इंजिनात वेट लायनर असतात, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या (लायनरच्या) बाहेरून थेट पाणी खेळतं, तिथे सिलिंडरच्या हादऱ्यांनी लायनरला चिकटून बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना दर वेळी धातूचा कण उडवतात. कालांतराने लायनरला टाचणीएवढी भोकं पडून पाणी ऑइलमध्ये उतरतं. हेवी ड्युटी कूलंटमध्ये त्याविरुद्धची रसायनं असतात. कारच्या कूलंटमध्ये ती असतीलच असं नाही.

दुसरं बघायचं ते कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं, आहे की तयार मिश्रण. तयार मिश्रणात पाणी मिसळायचं नसतं. कॉन्सन्ट्रेट नुसतं भरायचं नसतं, कारण पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल वाहून नेत नाही आणि साठ टक्क्यांच्या वर गेलं की गाडी उलट जास्त तापते. घरच्या कामाला मी कॉन्सन्ट्रेटच घेतो, का ते पुढे हिशेबात येईल. आणि लेबल नसलेल्या कॅनमधलं सुटं हिरवं पाणी लिटरवर विकणारे असतात, त्यांच्याकडून रंगपंचमीसाठी घ्यायला हरकत नाही.

पाणी मात्र बोअरचं नको. त्यातला क्षार तापल्यावर हेडच्या बारीक वाटांत बसतो. बॅटरीवाल्याकडे मिळणारं, क्षार काढलेलं डीएम वॉटर घ्या, कॅनमागे पैसे किरकोळ जातात. याशिवाय रबरी होज आवळायचे नवे जुबली क्लिप, दोन मोठी घमेली किंवा बेसिन, रबरी हातमोजे, नरसाळं आणि पाच लिटरचे चार-पाच रिकामे कॅन, ज्यांवर लिटरच्या खुणा केलेल्या असतील. मिश्रण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर उत्तम. बॅटरीचा हायड्रोमीटर इथे चालत नाही, त्याची पट्टीच वेगळी.

गार होऊ द्या

रात्री गाडी लावायची आणि सकाळी काम काढायचं. चिरा खाली करून आलेली गाडी तासाभरात गार होत नाही. बोनेट गार लागतं पण ब्लॉकमध्ये आग असते. रेडिएटरचा वरचा रबरी होज हाताने दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे, झाकणाला हात लावू नका. गरम झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि आतलं शंभराच्या वरचं पाणी जागच्या जागी वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं टाकून हळूच उघडतो म्हणणारे भाजलेले मी पाहिलेत.

जागा सपाट, चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला. केबिन टिल्ट होत असेल तर आतलं सामान काढा, पूर्ण उचला आणि लॉक बसल्याची खात्री करा. गळ्यातला टॉवेल घरात ठेवून या. फॅन बेल्टसमोर काम आहे.

आता ते झाकण निवांत बघा, कारण निम्म्या तापणाऱ्या गाड्यांचं दुखणं इथेच असतं. त्यात दोन व्हॉल्व्ह आहेत. मोठा स्प्रिंगचा, जो ठरल्या दाबाला उघडून जादा पाणी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत सोडतो. मधोमध छोटी चकती, जी गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देते. ती चकती नखाने उचलून बघा, सहज उचलून परत बसली पाहिजे. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसत असेल तर ही चकती चिकटली आहे. रबराची रिंग कडक झाली असेल, तडा असेल तर झाकण बदला, आणि तोच आकडा छापलेलं घ्या. जास्त दाबाचं झाकण लावून गाडी जास्त सोसत नाही, होज फुटतो.

काढणं आणि मोजणं

केबिनला हिटर असेल तर त्याचा नॉब गरमवर ठेवा. रेडिएटरच्या तळाचा कॉक घमेलं लावून उघडा. जुना कॉक अडला तर पान्ह्याने जोर करू नका, मोडला की रेडिएटर उतरवावा लागतो. त्यापेक्षा खालचा होज सोडा. क्लिप ढिली करून होज आधी गोल फिरवायचा, मग ओढायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर नळीचं तोंड वाकतं आणि नवा क्लिप लावूनही गळत राहतं.

रेडिएटर रिकामा झाला म्हणजे काम झालं, असं समजून इथेच लोक थांबतात. अर्धी गोष्ट ब्लॉकमध्ये आहे. ब्लॉकच्या बाजूला ड्रेन प्लग असतो, जागा गाडीच्या पुस्तकात बघा. तो काढल्यावर काहीच आलं नाही तर आत रिकामं आहे असं नव्हे. भोकाच्या तोंडाशी गाळ बसलेला असतो. तार घालून टोचा. आधी विटकरी रंगाचा चिखल येतो, बोटावर घेतला तर वाळूसारखा खरखरीत लागतो, आणि मग एकदम धार लागते. तेव्हा हात बाजूला आणि घमेलं पुढे. प्लग परत लावताना तांब्याचा वायसर नवा घाला.

निघालेलं सगळं खुणांच्या कॅनमध्ये भरून मोजा आणि लिहून ठेवा. गाडीच्या पुस्तकात पूर्ण क्षमता दिलेली असते. तेवढं निघालं नाही, तर जेवढं कमी तेवढं आत आहे.

मोजताना रंगही बघा. नुसतं गंजट असेल तर धुऊन निघेल. वर ऑइलचा तवंग असेल, किंवा दुधाच्या चहासारखं काही असेल, तर इथेच थांबा. हेड गॅसकेट, ऑइल कूलर किंवा लायनर यांपैकी काहीतरी गेलं आहे आणि नवं कूलंट ओतणं म्हणजे पैसे ओतणं. डिपस्टिकही काढून बघा. ऑइल पांढुरकं दिसत असेल तर सेल्फसुद्धा मारू नका.

धुणं

कॉक-प्लग बंद करून साधं स्वच्छ पाणी भरा, इंजिन चालू करा आणि वरचा होज गरम होईपर्यंत चालू द्या. होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, उघडला आणि पाणी सगळीकडे फिरलं. मग बंद करून गार होऊ द्यायचं आणि सोडायचं. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं आणि शेवटची खेप डीएम वॉटरची. दिवस यातच जातो. ॲसिड किंवा कॉस्टिक टाकून पटकन उरकण्याचा सल्ला देणारे भेटतील. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला कॉस्टिक खाऊन टाकतं. इतका कचरा असेल तर रेडिएटर उतरवून रॉडिंगवाल्याकडे, म्हणजे सळई घालून नळ्या साफ करणाऱ्याकडे, द्यावा.

गार व्हायची वाट बघताना रेडिएटरची बाहेरची बाजू घ्या. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाचं पाचट आणि धूळ उडत असते, ती जाळीत बसून नमदा होतो. पाणी इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूला मारायचं, म्हणजे कचरा आला तसा परत जातो. प्रेशर वॉशर जवळून धरला तर फिन झोपतात.

याच वेळात थर्मोस्टॅटही काढून बघता येतो. पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा आणि गॅसवर ठेवा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, 82 म्हणा, उघडायला लागला पाहिजे आणि गार होताना पूर्ण मिटला पाहिजे. पातेलं मात्र घरात चालतं त्यातलं घेऊ नका, थर्मोस्टॅटला कूलंट लागलेलं असतं आणि ते विष आहे. आपल्या उष्ण भागात थर्मोस्टॅट कशाला, काढूनच टाक, असं बरेच ड्रायव्हर सांगतात. ते ऐकू नका. इंजिन थंड चालून डिझेल जास्त पितं आणि झिजतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि घाटात गाडी आणखी तापते.

हिशेब

समजा गाडीची क्षमता 20 लिटर. शेवटचं धुण्याचं पाणी सोडलं तेव्हा 13 लिटर निघालं. म्हणजे 7 लिटर डीएम वॉटर आत उरलं. आता तुम्ही बाहेर निम्मं-निम्मं मिश्रण करून 13 लिटर भरलं, तर ग्लायकॉल गेलं साडेसहा लिटर. 20 मध्ये साडेसहा म्हणजे 32-33 टक्के. मालकाला वाटतं 50 आहे. वर घाटातल्या ओढ्याचं पाणी पडलं की पंचविसावर येतं आणि तिथे गंजापासूनचं संरक्षणही पातळ होतं.

म्हणून उलटं करायचं. पूर्ण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे 10 लिटर कॉन्सन्ट्रेट आधी आत घालायचं, मग उरलेल्या जागेत 3 लिटर डीएम वॉटर. आतले 7 धरून पाणी 10 झालं. तयार मिश्रण वापरणाऱ्याला हे जमत नाही, त्याला ब्लॉक पूर्ण रिकामा करावाच लागतो. कॉन्सन्ट्रेट घ्यायचं कारण एवढंच.

भरणं आणि हवा काढणं

सावकाश ओता. भसाभस ओतलं की हवा खाली अडकते. थर्मोस्टॅट हाउसिंगवर किंवा वरच्या पाइपावर एअर स्क्रू असेल तर ढिला ठेवा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. मध्येच थांबून वरचा होज दाबा-सोडा, खालून गुडगुड करत हवा वर येते. हे इंजिन बंद असताना. बऱ्याच बीएस6 गाड्यांत, म्हणजे एप्रिल 2020 पासूनच्या, हेच पाणी ईजीआर कूलरकडे (इंजिनात परत घ्यायचा धूर गार करणारा) आणि डीईएफच्या (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याच्या) भागाकडेही जातं, वाटा जास्त आणि हवा अडकायच्या जागाही जास्त. तिथे पुस्तकात दिलेला क्रम सोडू नका.

मग झाकण न लावता इंजिन आयडलवर चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा तयार केलेलं मिश्रण वरून घाला. पाणी उसळून वर यायला लागलं की तोंड लांब ठेवून झाकण लावा. बाटली खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये. एकूण किती गेलं ते परत मोजा. निघालं 13 आणि गेलं 11, तर 2 लिटर हवा आत आहे.

या हवेला मी घाबरतो ते काट्यामुळे. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा असेल तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. घाटात चढलेला काटा आपोआप पडला तर देवाची कृपा म्हणून पुढे जाऊ नका, पाणी संपलेलं असू शकतं. थांबा, बंद करा.

पहिली चक्कर रिकामी. मी उचगावातून तावडे हॉटेलवरून हायवेने शिरोलीपर्यंत जातो आणि परत येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत पातळी परत बघा, थोडी उतरलेली असेल, भरा. सगळ्या क्लिप एकदा हाताने चाचपा, रबर बसल्यावर अर्धा फेरा आवळावा लागतो. भरलेला चिरा घेऊन घाट त्यानंतर.

जुनं कुठे टाकायचं

गटारीत नाही. शहरातली गटार जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, दारात सांडलेलं कुत्रं चाटतं, दावणीचं वासरू चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. पोरांचंही तेच. कोणाच्या पोटात गेलंच तर मीठ-पाणी देऊन उलटी काढायच्या भानगडीत न पडता सरळ कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा आणि सोबत कॅन घेऊन जा, डॉक्टरला काय प्यायलं ते कळतं. सांडलेल्यावर माती टाकून ती उचला आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर "विष" असं ठळक लिहून, जळक्या ऑइलमध्ये न मिसळता, असा कचरा गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. पाण्याच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका.

केबिनमध्ये आता पाच लिटरचा एक कॅन निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा कायम ठेवा, म्हणजे क्लीनरला ओढ्यावर जायला लागत नाही. तारीख, किलोमीटर आणि कूलंटचा प्रकार पेंटने बाटलीजवळ लिहा. ओएटीमध्ये कोणी साधं जुन्या पद्धतीचं ओतलं की रसायनं एकमेकांना मारतात, कधी जेलीसारखा गाळ होतो. आणि टॉपअप किती लागलं तेही लिहीत जा. बंद सर्किटमध्ये कूलंट "खाल्लं" जात नाही. दर आठवड्याला लिटरभर लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. आधी वॉटर बॉडीच्या (वॉटर पंपाच्या) खालचं बारीक भोक बघा. तिथे ओल किंवा वाळलेला रंगाचा ओघळ दिसला तर सील गेलं. तिथे कोरडं असेल तर गार इंजिनचं झाकण उघडून सेल्फ मारा. आत सारखे बुडबुडे येत राहिले, तर गाडी उद्यमनगरात न्यायची वेळ झाली, ते काम दारात करायचं नाही.